न उकळलेलं चाक

भावाने माझी वही पळवली तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. वहिनीला फोन करून चार शब्द सुनावलेही नाहीत. त्या वहीत काय लिहिलेलं नाही ते मला आठवलं, आणि मी स्वतःसाठी मस्तपैकी चहा टाकला.

वही कसली, ते आधी सांगते. एके काळी लोक घरच्या घरी फिल्म काढायचे, मुलांची, सहलींची, लग्नांची, आणि भिंतीवर चादर लावून घरगुती प्रोजेक्टरवर बघायचे. ते प्रोजेक्टर बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडले. यंत्रं मात्र अजून माळ्यांवर आहेत. त्यांच्या पोटात नायलॉनचं एक दातेरी चाक असतं, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि काही वर्षांनी ते हटकून तडकतं. मग यंत्र म्हणजे नुसती जड पेटी. मी ती चाकं नव्याने करते. पट्टे, रबरी पाय, फिल्म खाली ओढणारा आकडा, रिकामी रिळं, हेही करते, पण आमचं नाव झालं ते चाकामुळे. म्हणजे चाक माझं आणि नाव दादाचं.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं. बाबा गेल्यावर वर्कशॉप आम्हा दोघांकडे आलं. मागच्या खोलीत लेथवर मी, पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांशी गोड बोलायला दादा. हौशी लोकांच्या एका मासिकात त्याचा फोटो आला होता, चिमटीत माझं चाक धरलेला. खाली छापलं होतं, ‘यांच्या बोटांत जादू आहे.’ त्या बोटांना मापं घ्यायचा व्हर्नियर कुठून धरायचा तेही कळत नाही.

“दादा, यात माझं नाव कुठे आहे?” मी विचारलं.

“अगं छकुली, तू तर घरचीच!” तो म्हणाला. माझं वय चोपन्न आहे.

गेल्या थंडीत त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं दुकान थाटलं. संगणकावर चालणारं मशीन आणलं, नुसत्या स्वतःच्या नावाची पाटी लावली. जाताना बाबांचा प्रोजेक्टर नेला, घरच्या फिल्मची पेटी नेली आणि माझ्या टेबलाच्या खणातून वही नेली. एकशे चौदा जातींच्या यंत्रांची मापं होती तीत. एकेक माप काढायला मी डोळे फोडून घेतले होते, कारण तडकलेलं चाक आक्रसलेलं असतं, ते मोजून उपयोग नसतो. यंत्रात चाकं ज्यांवर फिरतात त्या दोन दांड्यांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यावरून चाक ताडायचं. हे सगळं त्याला आयतं मिळालं.

पण वहीत होतं ते तयार चाकाचं माप. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. म्हणून मी चाक केसभर लहान कापते, चार तास पाण्यात उकळते, त्याच पाण्यात निवू देते. मग ते मापाला येतं आणि पुन्हा म्हणून हलत नाही. हे वहीत लिहायची गरजच नव्हती, कारण ते घडायचं स्वयंपाकघरात, एका पोचे पडलेल्या पातेल्यात, आणि त्या पातेल्यावर लक्ष ठेवायची आई. सव्वीस वर्षांत दादा स्वयंपाकघरात आला तो फक्त “चहा झाला का?” विचारायला. त्याने सरळ वहीतल्या मापाने चाकं कापली. कोरड्या हवेत ती झकास चालली. हवा दमट होईल तेव्हा ती फुगणार, घट्ट होणार आणि अडकणार, हे मला माहीत होतं. मी वाट बघत बसले. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पावसाळी हवा सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच दातांचे एक डॉक्टर प्रोजेक्टर उराशी धरून माझ्या दारात आले. जुनं गिऱ्हाईक, दादाकडे गेलेलं.

“मध्येच थांबलं हो,” ते म्हणाले. “आतला दिवा चालूच. फिल्म जागच्या जागी जळली. आमच्या लग्नाची. बरोब्बर बायकोचा चेहरा गेला. ती म्हणते, मुद्दामच केलंत.”

मी चाक काढून पाहिलं. दादाचंच. “असं कसं झालं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारा ना,” आणि माझं चाक बसवून दिलं. ते गेल्यावर मी एकटीच हसले. त्यानंतर एक निवृत्त मास्तरीण आली, मग एक सुतार. सुताराच्या फिल्ममध्ये त्याचा लहानपणीच गेलेला भाऊ होता. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. पण दादाला फोन करून मी सांगितलंही नाही. त्याने माझ्या पायाशी येऊन विचारावं, एवढं एकच मला हवं होतं.

तो आला नाही. फोन आला, तोही आईसाठी.

आईची नजर जात चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काय बघायचं ते या दोन-तीन महिन्यांत बघून घ्या. आईने एकच गोष्ट मागितली. तिला बाबांना चालता-बोलताना एकदा बघायचं होतं. कॅमेरा कायम बाबांच्याच हातात, त्यामुळे घरच्या सगळ्या फिल्ममध्ये ते फक्त एकदा दिसतात. एका रिळाच्या शेवटी, अकरा सेकंद. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, अंगणात नळाखाली हात धूत कोणाला तरी काहीतरी सांगतायत आणि हसतायत. त्या रिळाची दुसरी प्रत नाही. ते अकरा सेकंद मी टिपले होते, नऊ वर्षांची असताना. दादा त्या दिवशी मित्राकडे गेला होता, म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला.

“रविवारी दुपारी माझ्याकडे या,” दादाने फोनवर सांगितलं. “बाबांचं मशीन मी नवं चाक घालून तयार ठेवलंय.”

नवं चाक म्हणजे न उकळलेलं चाक. मला दादावर सूड घ्यायचा होता, बाबांवर नाही. रविवारी रिक्षात आईचा हात धरून बसले असताना मी मनाशी ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं. दादा, रीळ चढवू नकोस, त्या चाकात खोट आहे. मग हवं तर तो म्हणो की छकुली जळते माझ्यावर.

त्याच्या दिवाणखान्यात पडदे ओढलेले होते. वहिनी होती, तिचे भाऊ होते, शेजारचं एक जोडपं होतं, आणि त्या मासिकाचा संपादकसुद्धा. ‘आईची शेवटची इच्छा’ असं सांगून दादाने त्यालाही बोलावलं होतं, म्हणजे फोटो येईल. रीळ आधीच चढवलेलं होतं. मी त्याच्याजवळ गेले.

“दादा, जरा ऐक ना.”

“मग, मग,” असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि संपादकाकडे वळला. “यात शेवटी आमचे वडील आहेत बघा. तो तुकडा माझा. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. तेव्हापासूनच हात बसलेला.”

वही घेतली, नाव घेतलं, आता माझे बाबाही घेतले. मी आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तोंडाला कुलूप लावलं.

यंत्र सुरू झालं. टक टक टक टक, एकसारखं, बाबा असताना यायचं तसंच. समुद्र दिसला, अर्ध्या चड्डीतला दादा दिसला, सगळे हसले. मी पडद्याकडे बघत नव्हते, कान देऊन बसले होते. चौथ्या मिनिटाला आवाज बदलला. अगदी थोडासा. टकटक जड झाली, तिच्याखाली एक घरघर आली. दिव्याच्या उष्णतेने चाक आणखी फुगत होतं. माझ्या अंदाजाने अर्धं मिनिट होतं हातात. “दिवा बंद कर,” एवढे तीन शब्द म्हटले असते तरी पुरलं असतं. ते जिभेवर होतेही. मी दादाच्या पाठीकडे बघितलं, संपादकाच्या कानाशी लागलेल्या त्याच्या डोक्याकडे बघितलं, आणि ते शब्द गिळले.

पडद्यावर अंगण आलं, नळ आला. बाबांनी मान वर केली, हसायला सुरुवात केली आणि तसेच थांबले. मग त्यांच्या गालावर एक तपकिरी ठिपका उठला, फुगला, पसरला आणि चेहरा आतून वितळून गेला. खोलीभर जळका वास सुटला. दादा धडपडत बटण शोधत होता, त्याला ते सापडत नव्हतं. त्याने घाबरून रीळ ओढलं तशी फिल्म पुढे फाटली, आणि उरलेले बाबाही गेले.

“नवंच तर चाक होतं!” तो सगळ्यांना सांगत सुटला. “नवंच होतं!” संपादकाने कॅमेरा पिशवीत ठेवून दिला. वहिनीने पडदे उघडले. उजेडात दादाचं तोंड पांढरंफटक पडलेलं दिसलं. मग तो खरंच माझ्यापाशी आला, सगळ्यांदेखत खाली बसला, तुकडे माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, “छकुली, काहीतरी कर गं. काय चुकलं माझं?”

हेच मला हवं होतं. नेमकं हेच. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला गार वाटलं.

परतताना रिक्षात मीच म्हटलं, “वाईट झालं. निदान सुरुवात तरी दिसली ना तुला? हसायला लागले होते ते.”

“नाही दिसली,” आई म्हणाली. “आवाज बदलला तो मलाही कळला. चाळीस वर्षं ऐकलाय मी. मला वाटलं आता तू बोलशील, म्हणून मी तुझ्याकडे बघत होते.”