न ओलांडलेली समाधी

मलकपेठेतल्या त्या मोकळ्या जागेवर शनिवारी सकाळी भगवंतराव अनवाणी आले आणि त्यांनी जमीन तपासायला आलेल्या त्रिवेणीलाही चपला काढायला लावल्या.

"बाई, इथं खाली आमचे महाराज आहेत."

मुसी नदीच्या थोरल्या पुरात महाराजांच्या समाधीचा मठ गाळाखाली गेला, वर वस्ती झाली, तीही उठली. आता तिथं एका नव्या कंपनीची पाच मजली इमारत व्हायची होती. कामावरचा इंजिनिअर शिवराज माणूस भला, पण घाईतला. "हौ काका, मशीनला दिसले तर खांब सरकवू. नाही तर सोमवारी खांबांच्या खड्ड्यांना बरमा लागणार. वरून फोनावर फोन येऊलालेत."

मशीन म्हणजे त्रिवेणीच्या कुकटपल्लीच्या कंपनीनं परदेशातून मागवलेलं रडार. चार वर्षांमागं त्याच्या परवान्यासाठी दिल्लीला खेटे घालावे लागले असते. दोरीनं पेटी जमिनीवरून ओढायची. ती खाली लहरी सोडते, आणि दगडावर आपटून जे परततं त्याची दर इंचाला एक नोंद पडद्यावर उमटते.

"समाधीचा चौथरा पूर्व-पश्चिम, लांबच लांब," भगवंतराव म्हणाले. "पेटी लांबीनंच ओढ. आडवी नक्को. समाधी ओलांडत नाहीत."

त्रिवेणी त्याच वळणात वाढलेली. तिनं मान डोलावली आणि त्यांनी दाखवलेल्या जागी, जुन्या वस्तीच्या उरलेल्या दोन भिंतींमधल्या पंधरा फुटांत, एकमेकींना लागून बारा रेघा ओढल्या, सगळ्या पूर्व-पश्चिम.

ऑफिसात तिनं नेहमीची साफसफाई केली. यंत्राची स्वतःची गुणगुण प्रत्येक नोंदीत त्याच खोलीवर उमटते. म्हणून रेघेतल्या सगळ्या नोंदींची सरासरी काढून ती प्रत्येकीतून वजा करायची. सारखं असेल ते जातं, वेगळं असेल ते राहतं. चित्र स्वच्छ निघालं. खाली काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी चिक्कडपल्लीच्या राममंदिरात कीर्तन होतं. भगवंतराव नेहमीच्या खांबाशी बसले होते. तिनं शेजारी बसून हळूच सांगितलं, "काका, नाही दिसली."

त्यांनी मांडीवरचे टाळ उचलले. मग म्हणाले, "बस. पूर्वरंग सुरू होतोय."

बुवा रंगात आले. एका ओवीपाशी त्यांनी हात वर केला, पेटीवाल्यानं भाता सोडला, आणि देवळात एकदम पोकळी झाली. तासभर एकच षड्ज चालू होता. तो होता हे त्रिवेणीला तो थांबल्यावर कळलं.

रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली चौथराच असेल, तर तोही प्रत्येक नोंदीत सारखाच. यंत्राची गुणगुण समजून आपणच त्याला पुसलं.

"काका, उठा. चूक झाली माझी."

"आरतीआधी कीर्तनातून उठत नाहीत."

ती बसली. आरती घेऊन पायरीवर आल्यावर तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "न पुसलेल्या चित्रात बाराही रेघांत पट्टा दिसला होता. पण तो दगडाचा की यंत्राचा, हे कळायला पेटी आडवी न्यावी लागेल. ओलांडावं लागेल."

"सत्तर वर्षं पाळलं मी, बाई."

"तुमची नात तुमच्या अंगावरून रांगते, तेव्हा रागावता का?"

ते बसस्टॉपकडे चालू लागले.

सोमवारी सकाळी बरम्याचं धूड उभं होतं. भगवंतराव आंघोळ करून, ओल्या पंच्यानं आले. त्यांनी त्रिवेणीच्या हातून दोरी घेतली, जमिनीला डोकं टेकवलं आणि गुडघ्यांवर बसले. मग उत्तरेच्या अंगाकडून, नाम घेत, पेटी मागं ओढत रांगू लागले. कुणी हसलं नाही.

पडद्यावर आधी नुसती माती आली. मग सहा फूट रांगल्यावर एक काळी कड उमटली, पुढं सपाट पट्टा, आणि पलीकडं दुसरी कड. तिनं सरासरी वजा करून पाहिली. पट्टा पुसला गेला नाही.

"शिवराजभाऊ," तिनं हाक मारली.

शिवराज वाकून पाहत राहिला. मग त्यानं बूट काढले, चुन्याची पाटी उचलली आणि ती सांगेल तिथं रेघ मारू लागला. बरमेवाल्याला म्हणाला, "पंधरा फूट मागं घे. नकाशाचं मी बघतो."

भगवंतराव पलीकडं अजून गुडघ्यांवरच होते. कोपरं मातीनं भरली होती.

"आता परत असंच यायचं का, बाई?"

"नको, काका. वळसा घालून या."

ते उठले आणि चुन्याची रेघ उजवीकडं ठेवून सावकाश चालत आले.