एकही केमिकल नाही

गालावरचे वांग चौदा दिवसांत घालवणारं सासूबाईंचं क्रीम मी सकाळीच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आई, असल्या थापांना भुलता तरी कशा हो तुम्ही? डबीवरची पोरगी विशीतली. तिला कुठून येणार वांग?" त्या हिरमुसल्या, तशी मी म्हटलं, "माझा साबण लावा. एकही केमिकल नाही."

तसं मी वेष्टनावर छापूनच घेतलंय. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही हे मला काय ठाऊक नाही? पण तेलाशी एकजीव झाला की सोडा उरतच नाही, मग सांगायचं कशाला! क्रीमवाले थापा मारतात, मी आपली एक गोष्ट गाळते, एवढंच.

दुपारी सोड्याचं पाणी तेलात घोटलं, दाट झालेलं मिश्रण साच्यात ओतलं. तेवढ्यात बेल वाजली. साबण घ्यायला आलेली बाई बोलघेवडी निघाली, पाच मिनिटं दारातच गेली.

आतून किंकाळी आली.

अगं बाई गं! सासूबाई साच्यापाशी उभ्या, बोटं लगद्याने माखलेली, अर्धा गाल पांढरा. "आग होतेय गं... ताजा जास्त गुण देईल म्हणून लावला..."

मी धावत जाऊन त्यांचा चेहरा नळाखाली धरला आणि पाणी सोडतच राहिले. गाल लालभडक झाला. डोळा उघडेना.

"डोळा गेला का गं माझा?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळा धुऊन पट्टी बांधली. नजर राहील की नाही ते उद्या कळेल, म्हणाल्या. "लावलं काय होतं?"

मी घसा खाकरेपर्यंत सासूबाईच बोलल्या. "केमिकल नव्हतं हो त्यात. माझी सून तसलं काही वापरत नाही. मलाच सोसलं नसेल."

"कॉस्टिक सोडा," मी म्हणाले. "साबण कच्चा होता."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. सासूबाईंनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि चाचपडत माझा हात धरला.

"घाबरलीय हो पोरगी, काहीबाही बोलतेय," त्या म्हणाल्या. "ते लिहू नका."