अर्धा आवळलेला पट्टा

साहेबांनी काचेवर टकटक केली तेव्हा फिटरच्या पान्याची तिसरी फेरी चालू होती. साहेबांच्या हातात फिटरचा फोन होता. आत फोन चालत नाहीत, बाहेर कपाटात ठेवावे लागतात.

फिटरने पंजा वर केला. थांबा.

फिटरची बायको तीन आठवडे दवाखान्यात होती. तिथून फोन रोजच यायचे.

रॉकेटच्या टोकाला उपग्रह धरून ठेवणारा पट्टा तो आवळत होता. एक बोल्ट जरासा, मग समोरचा जरासा. ज्याने हात घातला त्यानेच ते पुरं करायचं. मध्ये सोडलं तर सगळं ढिलं करून पुन्हा पहिल्यापासून.

“काका, बेतानं,” ताणाचे आकडे वाचणारी पोरगी म्हणाली. “जन्माची गाठ नाही ही. वर गेल्यावर सुटायचीच आहे.”

“घट्ट बसली तरच नीट सुटते. आकडा सांग.”

काचेपलीकडे साहेब जरा वेळ उभे राहिले, मग तिथल्या स्टुलावर बसले.

दीड वाजता फिटर टोपी काढत बाहेर आला.

“वहिनी गेल्या,” साहेब म्हणाले.

त्याने मान हलवली. हातमोजे डब्यात टाकले. एक बाहेर पडला, तो उचलून परत टाकला.

नवव्या दिवशी साहेब फिटरच्या घरी आले. लेकीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

“सव्वाअकराला फोन केला होता मी. आई शुद्धीवर होती. बाबा कुठायत, बाबा कुठायत, एवढंच चाललं होतं तिचं. दवाखाना दहा मिनिटांवर. आणि तुम्ही बाबांना दीडला सांगता?”

साहेबांनी फिटरकडे पाहिलं. फिटर टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने पुसत होता.

“चूक झाली माझी,” साहेब म्हणाले. “काम अर्ध्यावर होतं.”

“तुमचा पट्टा पुन्हा आवळता आला असता ना, काका?” तिने साहेबांना विचारलं.

“हो. आला असता.”

दारात साहेब हळूच म्हणाले, “बोलू दे तिला. माझं काय, मी निघालोच आहे निवृत्तीला.”

“सावकाश जा,” फिटर म्हणाला.

आत लेक पेला विसळत होती. “या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका, बाबा.”

“बरं.”

याला सात महिने झाले. उपग्रह वर गेला, पट्टा वेळेवर सुटला. लेक दर रविवारी येते, स्वयंपाक करून ठेवते, साहेबांचा विषय निघाला की उठून जाते. थांबा म्हणून हात आपणच वर केला होता, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.