थोरला जबेझ, धाकटा जबेझ

मेलेल्या माणसाइतका खरा माणूस नाही. त्याचं सगळं लेखी असतं. आमचा मूळपुरुष जबेझ स्टॅनर्ड याने लेखी वीस एकर घेतले आणि कुंपण तेवीस एकरांना घातलं, ते सोडून देऊ.

माझी मर्टल आत्या, वय एकोणऐंशी, अकरा वर्षं त्याच्या मागावर होती. १७४१च्या मृत्युपत्रात जबेझने टेकडीवरचा अर्धा एकर 'माझ्या वारसांच्या दफनासाठी निरंतर' राखून ठेवला होता. आत्याला तिथेच निजायचं होतं, मेपलखाली, त्याच्या थडग्याशेजारी. त्यासाठी आपण वारस आहोत हे सिद्ध करायला हवं. जागा तिने हेरलीच होती. दुपारी घडीची खुर्ची नेऊन तिथे डुलकीही काढायची. "शेजार शांत आहे," म्हणायची.

कनेक्टिकटमधल्या आमच्या गावची जुनी दप्तरं कचेरीच्या तळघरात असतात. आत्या मोठ्याने वाचायची, मी उतरवून घ्यायचो. चतुःसीमा आली की तिचा आवाज मऊ व्हायचा. काळ्या ओकपासून दगडांच्या राशीपर्यंत, तिथून ओढ्याच्या कडेकडेने, ओढा दोनदा वळतो तिथवर... ओक कधीच पडलेला, ओढा सिमेंटच्या नळात गेलेला. तरी मी मनाने त्या कडेने चालायचो आणि बूट जड झाल्यासारखे वाटायचे. मृत्युपत्रात विधवेला घराची पूर्वेकडची अर्धी बाजू, पिसांची गादी आणि विहिरीपर्यंत जायची वाट.

"वाट दिली हं त्याने," आत्या म्हणायची. "मायाळू होता." जणू तो आत्ताच घोडा बांधायला बाहेर गेलाय.

मृत्युपत्रात मुलांची नावं नव्हती. 'ज्यांना जमीन आधीच दिली ते माझे मुलगे' एवढंच. पण खरेदीखतांत एक जबेझ स्टॅनर्ड थोरला होता आणि एक धाकटा. धाकट्यापासून आत्यापर्यंतची साखळी पक्की होती. म्हणजे थोरला बाप, धाकटा मुलगा. आणखी काय हवं?

मार्चमध्ये दप्तरं सांभाळणाऱ्या विल्मा पेकने एक सुटं खरेदीखत आणून पुढ्यात ठेवलं. धाकट्या जबेझने विकलेली जमीन, 'माझे दिवंगत वडील सायलस यांच्याकडून मला आलेली.'

"हा सायलस कोण?" आत्याने विचारलं.

"धाकट्याचा बाप. अहो मर्टलबाई, तेव्हा गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो थोरला, लहान तो धाकटा. बापलेक असायलाच हवेत असं नाही."

"मग चुलता-पुतण्या?"

"शेजारी. तीन एकरांवरून दावा चालला होता दोघांचा."

"आणि हे तू मला अकरा वर्षांत सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही वाचायचात. इतकं छान वाचायचात, मध्ये कोण बोलणार?"

आम्ही गाडीने घरी निघालो. बाहेर दगडी कुंपणं एकामागून एक मागे सरकत होती, कोणाची ते आता सांगता येत नव्हतं.

"रसेल," आत्या म्हणाली, "अकरा वर्षं मी परपुरुषाशेजारी झोपत होते रे."

"बसून झोपत होतीस, आत्या."

"आता जाऊन कबूल करायचं. ज्याचे तीन एकर ढापले म्हणून आपण कोर्टात गेलो, त्याच्याच अर्ध्या एकरात चोरून नाही शिरायचं मला."

"आपले ढापले, आत्या. त्याने."

"तेच ते. गाडी वळव."

टेकडीवर गावच्या दफनभूमीचा रखवालदार ओडेल क्रेन हिवाळ्यात मोडलेल्या फांद्या गोळा करत होता. आत्याने त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं: मृत्युपत्र, थोरला, धाकटा, सायलस. ओडेलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कोण जबेझ?" त्याने विचारलं आणि खिशातून दफनाच्या जागेसाठीचा घडी घातलेला अर्ज काढला.

अर्जात तीन रकाने होते: नाव, पत्ता आणि उंची.