तीन खाचांचा ओक

सासरेबुवांनी मरताना केंटकीतली जमीन दोन्ही लेकरांना वाटून दिली. तीन खाचांच्या ओकापासून ओढ्याच्या वळणापर्यंत सरळ रेघ. उगवतीकडचं माझ्या बायकोचं, तामरचं, मावळतीकडचं तिच्या धाकट्या भावाचं, एनोसचं. दारूची भट्टी दोघांची. तांब्याचं भांडं एनोसचं, गार झऱ्याचं पाणी आमचं, म्हणून भागी निम्मी-निम्मी. झरा गेला असता तर आम्ही एनोसचे गडी झालो असतो.

आणि सात वर्षांनी एनोस पंच घेऊन हजर! झऱ्याच्याही पलीकडे, उगवतीला आमच्या हद्दीत असलेल्या एका ओकावर हात ठेवून म्हणाला, "हाच तो. मोजा, तीन खाचा."

"अरे, ते अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत!" तामर म्हणाली.

"मग अस्वलाला साक्षीला बोलाव, ताई. नाहीतर खरा ओक दाखव."

तामरने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. खरा ओक मीच पाडला होता, आणि हद्दीचं झाड तोडणाऱ्याला दंड जबर.

"ऊन फार आहे," तामर म्हणाली. "दोन घास खा, मग निकाल द्या."

कर्नल प्रुइट हे मुख्य पंच. (आमच्याकडे घोडा असला की माणूस कर्नल होतो.) मक्याची भाकरी आणि डुकराचं खारवलेलं मांस बघून ते खुलले. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच तामरने मेजावरचं कापड खस्सकन ओढलं.

"कर्नल, तुम्ही त्या ओकावरच जेवताय."

झालं असं होतं, की पहिल्या हिवाळ्यात बर्फ डोक्यावर आलेलं. ओक पाडला, त्याच्याच ओंडक्यांच्या भिंती रचल्या. बुंधा एवढा, की त्यावर खेचर जोडून गाडी वळवता यावी! तो कोण खणणार? त्याच्याभोवतीच घर उभं केलं, आणि बुंध्याचंच मेज केलं.

कर्नल रांगत खाली गेले. "एक... दोन... तीन. कुऱ्हाडीच्याच आहेत. झरा बाईंचा."

एनोसने क्षणभर विचार केला आणि टाळी वाजवली. "म्हणजे रेघ घरातून गेली! चूल ताईची, पलंग माझा. दाजी, आज निजणार कुठे?"

"निजतील तिथेच," तामर म्हणाली. "आणि अर्धं छप्पर तुझं, ते नेमकं पलंगावर गळतं. सोमवारी शिडी घेऊन ये."

एनोस आला, कुरकुरत का होईना. मला दंड झाला तो असा: दरवर्षी पंचांनी खूण तपासायची आणि जेवण मी घालायचं. कर्नल आता महिन्यातून दोनदा तपासतात.