हागारचा धडा

“म्हणजे हागार उर्मट होती, असं शिकवलंस पोरांना?” पेणकरांनी पेपर खाली ठेवत विचारलं.

इग्नेशियसनं मान हलवली. वीस वर्षं दर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर तो चर्चच्या शाळेत मुलांना धर्मशिक्षण देई आणि घरी जाताना पेणकरांच्या दारातल्या बाकावर टेके. पेणकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. दोघांनी एसटीत एकत्र नोकरी केलेली, त्यामुळे एकमेकांच्या धर्मात नाक खुपसायचा हक्क दोघांनाही होता.

आजचा धडा साधा होता. अब्राहामाच्या बायकोला, साराला, मूल नव्हतं. दासी हागार त्याच्यापासून गरोदर राहिली आणि मालकिणीला तुच्छ लेखू लागली. सारानं तिला छळलं, ती रानात पळाली, देवदूतानं तिला परत पाठवलं. तात्पर्य, नम्रता.

“आमचे एक जुने गुरू लिहून गेलेत,” पेणकर म्हणाले, “त्या छळात आमच्या आईनं, सारानं, पाप केलं. आणि अब्राहामानंही. त्यानं ते करू दिलं.”

इग्नेशियसला हे रुचलं नाही. आमच्यात हागार म्हणजे तुमचा जुना करार आणि सारा म्हणजे आमचा नवा, असं तो त्यांना समजावू लागला. पेणकर पेपराची घडी घालत ऐकत राहिले. मग तो चिडलाच. स्वतःच्या पूर्वजांना पापी कसं म्हणवतं तुम्हाला, म्हणाला.

“आपले आहेत म्हणून तर म्हणायचं. परक्यांचं बघायला सगळेच बसलेत.”

घरी पोचेपर्यंत त्याला जानकी आठवली होती. तीस वर्षांपूर्वी ती कळंबहून घरकामाला यायची. लग्नाला आठ वर्षं होऊनही त्याच्या बायकोची, जॉयसची, कूस रिकामी, आणि नुकतंच लग्न झालेल्या जानकीला दिवस गेलेले. जॉयस तिला विहिरीचं पाणी ओढायला लावी, उपाशी ताटकळत ठेवी. एकदा जानकीनं त्याच्याकडे पाहिलं, हा काही बोलेल म्हणून. त्यानं चपला घातल्या आणि बाहेर पडला. सातव्या महिन्यात ती कळशी तिथंच ठेवून गेली, ती परत आली नाही. कळंब काही सातासमुद्रापलीकडे नाही. जन्मभर एसटीत राहून हा गृहस्थ एकदाही त्या गाडीत चढला नाही.

जेवताना त्यानं बायकोपाशी विषय काढला. जानकीशी आपण वाईट वागलो, म्हणाला.

जॉयसनं डाव खाली ठेवला. “मी वागले. रोज आठवतं मला. पण मी तुम्हाला विचारलेलं, हिला काय करू? तुम्ही म्हणालात, तुझी बाई आहे, तुला वाटेल तसं कर. तुम्ही नको म्हणाला असतात ना, तर मी ऐकलं असतं.”

इग्नेशियसनं ताट बाजूला सारलं. अब्राहामही साराला हेच म्हणाला होता, तुझी दासी आहे, तुला वाटेल तसं कर. वीस वर्षं हे वाक्य तो मुलांना वाचून दाखवत होता आणि एकदाही त्याला शरम वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी त्यानं तोच धडा पुन्हा घेतला. हागार उर्मट नव्हती, तिचे हाल झाले होते, मी चुकीचं शिकवलं, असं सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“पण सर, अब्राहाम तेव्हा काय करत होता?” एलिसानं विचारलं.

“काही नाही. बघत होता.”

एलिसानं वही उघडली. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अब्राहाम, विश्वासाचा जनक’.

“सर, हे याच्याखालीच लिहू, की दुसरं पान घेऊ?”

“त्याच्याखालीच लिही,” तो म्हणाला, आणि तिचं लिहून होईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.