आदरपूर्वक चौकशी

"संशयिताचा मान राखला की सत्य स्वतःच्या पायांनी चालत येतं," इन्स्पेक्टर बान्से यांनी सकाळी चौकीत जाहीर केलं. "आजपासून इथे आवाज चढणार नाही, हात उठणार नाही, कुणाला खोटी भीती घातली जाणार नाही."

राजधानीचं, वागादूगूचं प्रशिक्षण संपवून ते आदल्याच दिवशी परतले होते. श्रोते दोन होते. एक मी, सार्जंट तोए. दुसरी, सावलीला येऊन बसलेली शेजारची शेळी. ती अर्ध्यातच उठून गेली.

सत्य काही चालत आलं नाही. संशयित नेबिये मात्र गाढवगाडीतून आला, आणि गाडी त्याचीच असल्यामुळे त्याला पकडून आणणारा मीही तिच्यातच बसून आलो. महिला मंडळाच्या कोठारातून रात्री बियाण्याच्या भुईमुगाची पोती गेली होती आणि त्याच्या गाडीत टरफलं सापडली होती. दुपारी जिल्ह्याची गाडी येणार होती. तोवर उलगडा झाला नाही तर नेबियेला तिच्यातून मोठ्या तुरुंगात जायचं होतं. तिथे खटला उभा राहीपर्यंत माणसांची गाढवं म्हातारी होतात.

आता बान्से बिस्सा जमातीचे आणि नेबिये गुरुन्सी जमातीचा. म्हणजे थट्टेचं नातं, वाडवडिलांपासूनचं. बिस्साने गुरुन्सीला कुत्रेखाऊ म्हणायचं, गुरुन्सीने बिस्साला शेंगाखाऊ, आणि रागवायचं कुणीच नाही. मयताच्या दारातही यात खंड नसतो. या दोघांची तर सकाळच बाजारात एकमेकांचा उद्धार केल्याशिवाय उजाडत नसे.

नेबिये आत येताच म्हणाला, "काय रे शेंगाखाऊ, शेंगा हरवल्या म्हणे. आधी स्वतःचे खिसे बघितलेस का?"

बान्सेंनी उठून खुर्ची पुढे केली. "बसावं, नेबियेसाहेब. पाणी घेणार? आपल्याला गप्प राहण्याचा हक्क आहे. काल काय काय घडलं ते आपण आपल्या शब्दांत सांगावं. मी मध्ये बोलणार नाही."

नेबियेचा चेहरा उतरला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि गप्प राहण्याचा हक्क बजावायला सुरुवात केली. बान्सेही शांत बसून राहिले. प्रशिक्षणात शांततेवर वेगळा तास होता.

ऊन डोक्यावर आलं तसा मी नेबियेला जरा परसात नेला. भिंतीला टेकून तो हळूच म्हणाला, "सार्जंटदादा, खरं सांगा. फाशी आहे का?"

"शेंगांसाठी?"

"मग तो मला 'आपण' का म्हणतोय? माझ्या बापाच्या मातीला हा थट्टेने कबरीच्या खड्ड्यात उतरून बसला होता. कोंबडं कबूल केल्याशिवाय वर आला नाही. इतका घरचा माणूस. आणि आज म्हणतो, बसावं. म्हणजे मी याच्या लेखी मेलो. मेलेल्याने काय बोलायचं?"

मी आत जाऊन साहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, एक शिवी द्या त्याला."

"नियमात बसत नाही."

"लहानशी."

बाहेर लांबवर जिल्ह्याच्या गाडीचा धुरळा दिसू लागला. बान्सेंनी तो पाहिला. "संशयिताशी विश्वासाचं नातं जोडावं, असंही एक कलम आहे म्हणा," ते पुटपुटले.

"ते तुमच्या खापरपणज्यांनी जोडूनच ठेवलंय, साहेब."

नेबियेला परत आणून बसवलं. बान्सेंनी घसा साफ केला. "ए कुत्रेखाऊ, कोठारातून कुत्रं गेलं असतं तर तुला न विचारताच आत टाकला असता. पण शेंगा? तुला त्या सोलता तरी येतात का?"

नेबियेच्या जिवात जीव आला. तो खुर्चीत ऐसपैस बसला. "मीच नेल्या. तुझ्या आजोबालाही मीच नेलं होतं, पण फार खातो म्हणून परत आणून सोडला."

मी कबुलीजबाब लिहायला घेतला.

"ते लिहू नका, सार्जंट," बान्से म्हणाले. "ती माया आहे." मग त्याला, "टरफलं कुणाची रे?"

"कोठाराच्या राखणदाराची. आज पहाटे रस्त्यात भेटला, म्हणाला घरी सोड. गाडीत बसून सारखा खात होता. म्हटलं, याला बिस्सांची हवा लागली. हात कोपरापर्यंत चिखलाचे. जन्मात स्वतःचं घर लिंपलं नाही त्याने. कोठाराच्या मागच्या भिंतीला हात लावून बघ, ओली लागेल. पण तू कसला बघतोस, तुझी नजर टरफलांवरून हलेल तर ना."

"हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सकाळी तू नव्हतास. इथे कुणी सभ्य गृहस्थ बसले होते."

भिंत ओली निघाली, रात्री फोडून पुन्हा लिंपलेली. पोती राखणदाराच्या खाटेखाली निघाली. त्याला बान्सेंनी पुन्हा नियमाप्रमाणे बसावं म्हटलं, पाणी दिलं. बायकोनेही त्याला कधी बसा म्हटलं नव्हतं. तो गहिवरला आणि सगळं सांगून मोकळा झाला. जिल्ह्याच्या गाडीतून नेबियेऐवजी तो गेला.

संध्याकाळी मंडळाच्या बायका पोती न्यायला आल्या. नेबियेची गाडी भाड्याने ठरली होतीच. बान्से पायरीवर उभे राहिले. "पाहिलंत, सत्य स्वतःच्या पायांनी..." एवढं बोलून ते थांबले. एका पोत्याला खाली भोक पडलं होतं आणि त्यातून शेंगा गळत होत्या.

त्यांनी अध्यक्षबाईंना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. बाईंनी हसून मूठभर शेंगा त्यांच्या ओंजळीत टाकल्या.

ओंजळ तशीच धरून साहेब गाडीशी गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नेबिये, तू जरा तिकडे तोंड करतोस का?"